रेघेखालची खुर्ची

भोर-वेल्ह्यातील समस्त अवजड वाहनांच्या मालक-चालकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की सरकारी यंत्रावर तुमचे ब्रेक पास झाले असले, तरी विंझरच्या दत्तूआबांच्या खुर्चीपुढे ते अजून पास झालेले नाहीत!

आबा ब्रेकचे मिस्त्री. लायनर बदलले, हवेची गळती काढली, की त्यांची स्वतःची परीक्षा सुरू. गॅरेजशेजारच्या उतारावर चुन्याची रेघ. वर भरलेला ट्रक, रेघेखाली खुर्ची आणि खुर्चीत चहाची बशी घेऊन खुद्द आबा! ट्रक वेगात सोडायचा, रेघेआधी थांबवायचा. "काम माझं हाय, तर पुढ्यात बी मीच बसणार," हे त्यांचं पालुपद. समोरच्या माझ्या किराणा दुकानातून बघताना माझाच चहा सांडतो. ते मात्र फुर्रकन भुरका मारतात.

परवाचा ट्रक घरचाच होता, विटांनी भरलेला. मुलगा पाय मोडून पडलेला, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून घाटातली खेप सूनबाईवर, मंगलवर. परवाना नवाकोरा. आबांना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी खुर्ची मुद्दाम रेघेला भिडवली.

"घाबरायची आसंल तर हितंच घाबरू दे. घाटात नगं."

ट्रक सुटला. इंजिनाचा आवाज वाढत गेला, विटा खडखडल्या. माझ्या हातातलं तराजूचं माप तसंच राहिलं. आबांनी बशी ओठाला लावली.

आणि अर्ध्या उतारावरच फुस्स! ट्रक जागच्या जागी उभा. मंगल खाली उतरली, चाकापुढे दगड लावला आणि पदर खोचून तरातरा आली.

"रेघ लांब हाय अजून!" आबा गरजले. "भ्यालीस व्हय?"

"व्हय, भ्याले. उठा आधी, मामंजी. खुर्ची बाजूला घ्या, मग रेघेवर थांबवून दाखवते."

"माझा ब्रेकवर इस्वास हाय!"

"माझा बी हाय. पर ब्रेक नवा मिळतो. सासरा कुठनं आणू?"

आबांनी वर पाहिलं. भरलेला ट्रक ऐन उतारावर खिळल्यासारखा उभा होता. आणखी कसली परीक्षा घ्यायची? ते सावकाश उठले. बशीतला चहा पहिल्यांदाच धोतरावर सांडला, आणि माझ्याकडे वळून ते एकदम बोलून गेले,

"एवढ्या गाड्या पुढ्यात घेतल्या रं... पर 'ऊठ' म्हून कुणी म्हणलंच न्हवतं!"