सोमवारचा चहा

सोमवारी सकाळी बाबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "चांगला झालाय."

आईच्या हातातलं गाळणं ओट्यावर पडलं. बाबा वजनमापे निरीक्षक होते. दुसऱ्याच्या मापात खोट काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ती सेवा घरात चालू होती. अडतीस वर्षं चहा एकतर पांचट असे, नाहीतर काढा.

मंगळवारी त्यांनी भाजी वजन न बघता घेतली. बुधवारी, ज्याचा तराजू दोनदा जप्त केला होता त्या वाण्याची पाठ थोपटली. वाणी घाबरून मागोमाग घरी आला.

"वहिनी, साहेब माझ्यावर रागावलेत का? आज काही बोललेच नाहीत."

"वयानं निवळतो माणूस," आई म्हणाली.

"आई, बाबा निवळणाऱ्यातले नाहीत," लेक म्हणाली.

गुरुवारी बाबांनी लेकीला विचारलं, "बाई, आपण कोणाकडे आलात?" आणि तिथेच झटका येऊन कोसळले.

"रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पहारा असतो," डॉक्टरांनी सांगितलं. "तो ढिला पडलाय. शरीराचे स्वतःचेच रक्षक आत शिरून मेंदूवर हल्ला करतायत."

"म्हणजे घरचेच?"

"घरचेच."

"पण पहिल्यासारखे होतील ना हे?"

"ते आत्ता नाही सांगता येणार."

औषधं सुरू झाली. बाबा सगळ्याला 'छान' म्हणत राहिले. आई रोज थर्मासमधून मुद्दाम पांचट चहा नेई.

"छान."

ती थर्मासचं झाकण लावून टाके.

सोळाव्या दिवशी बाबांनी सलाईनच्या नव्या बाटलीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"सिस्टर, पाचशे लिहिलंय. रेघ बघा. दहा कमी आहे."

सिस्टर फणकारली. आईनं घाईघाईनं चहा ओतला. बाबांनी घोट घेऊन कप खाली ठेवला.

"हे काय, कप विसळलेलं पाणी?"

आईनं लगेच दुसरा कप भरून पुढे केला.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर कागद भरत होते. "पहिलं लक्षण कधी दिसलं?"

"सोमवारी," आई म्हणाली. "चहाला चांगला म्हणाले."

"चूक," बाबा म्हणाले. "मंगळवार लिहा. सोमवारचा चहा चांगलाच होता."

लेकीनं आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं डॉक्टरांना हळूच दाराबाहेर नेलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "अजून दोन दिवस ठेवून घ्या यांना."