पडद्याचे बारा इंच

पडद्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर होता आणि सासऱ्यांशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, असा तिथला कायदा होता. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीनेच ती केव्हाच बंद करून टाकली होती. नवा प्रिंटर त्याला ओळख देत नव्हता, सुट्या भागांचं नाव काढलं की दुकानदार हसायचे, आणि सुरू होताना तो असा घरघरायचा की फोनवरचं गिऱ्हाईक विचारायचं, मिक्सर चालू आहे का? पण सासऱ्यांचा त्याच्यावर भारी जीव. खिडकीची उंची टाकली की पडद्याला कापड किती कापायचं ते तो सांगायचा आणि पडदे बरोबर बसायचे. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा, एवढंच सासऱ्यांचं तंत्रज्ञान.

सून मॅनेजमेंट शिकून आलेली. त्या शिक्षणाचा मान राखून तिला फोन उचलायला बसवलं होतं. नवरा बापासमोर बापाच्या बाजूने बोलायचा आणि बायकोसमोर बायकोच्या, त्यामुळे त्याचं मत कुणी विचारत नसे. एका हॉटेलची मोठी ऑर्डर आली आणि त्याच दिवशी त्या जुन्या मशीनने मान टाकली. तास-दोन तासांनी ते आपलं आपण उठून बसलं, पण तेवढ्यात सुनेने नव्या मशीनचा विषय काढला होता.

"हॉटेलचे पडदे नव्या मशीनवर करून दाखव," सासरे म्हणाले. "नीट बसले तर ही खुर्ची तुझी. नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही. मुकाट्याने फोन उचलायचा."

सुनेने सल्लागार आणला. चार माणसांना पाच वाक्यांत सांगता आलं असतं ते त्याने भिंतीवर चित्रं फेकून दुपारभर सांगितलं. तरी एवढं खरं की गड्याने जुना प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. वाचून झाल्यावर त्याचा चेहरा फुलला, दुसऱ्याची चूक सापडल्यावरच माणसाचा फुलतो तसा.

"तुमचा प्रोग्राम पडद्याची वरची आणि खालची दुमड धरतच नाही," तो म्हणाला. "प्रत्येक पडदा बारा इंच आखूड निघायला पाहिजे."

मग इतकी वर्षं पडदे बरोबर कसे बसत होते, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. तिथे एकही शेंबडं पोर नव्हतं, सगळी अनुभवी माणसं होती. खिडक्यांची मापं घेणारे काका छताकडे बघू लागले. कापड कापणारे मास्तर बाहीवरचा दोरा काढू लागले. सासऱ्यांना एकदम कुणालातरी फोन करायचं आठवलं. सुनेला वाटलं, बिचाऱ्यांना धक्का बसलाय. सल्लागाराने नव्या प्रोग्राममध्ये दुमड घातली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पहिल्या मजल्याचे पडदे लागले आणि हॉटेलच्या मॅनेजरने फोनवर सुनेची चांगलीच हजेरी घेतली. प्रत्येक पडदा आठ इंच जास्त लांब होता आणि जमिनीवर लोळत होता. पडदे उतरवून पुन्हा शिवावे लागले. सुनेने काकांना आणि मास्तरांना समोर बसवून विचारलं, मापात कुणी फेरफार करतं का? काकांना या शंकेचंच इतकं दुःख झालं की त्यांनी पाणी मागितलं. मास्तर म्हणाले, आपण कागदावर लिहिलंय तेवढंच कापतो, एक दोरा इकडचा तिकडे नाही. दोघांनी शपथा घेतल्या. शपथ घ्यायला काय, जीभच हलवायची असते.

सुनेने त्यांच्यावर विश्वास ठेवला. एवढ्या शिक्षणानंतरही ठेवला, म्हणजे बघा. नव्या प्रोग्रामचंच काहीतरी चुकतंय असं ठरवून तिने सल्लागाराला आठ इंच वजा करायला लावले. तो कुरकुरला, पण त्या कुरकुरीचंही बिल होणार होतं, म्हणून त्याने केले. दुसऱ्या मजल्याचे पडदे लागले ते बरोबर आठ इंच आखूड. लांब पडदा निदान कापता तरी येतो, आखूड पडद्याला काय ओढून लांब करणार? चांगलं कापड पार वाया गेलं. सासऱ्यांनी नवा कॉम्प्युटर बाजूला सारला आणि जुना आणून टेबलावर मांडला. तो घरघरू लागला तेव्हा ते इतके खुलले की जणू नातू परदेशातून परत आला होता.

सुनेला रडू येत होतं, पण रडून पडदे लांब झाले नसते. तिने काकांना एकटं गाठलं. काका ओशाळून म्हणाले, पडदे आखूड येतात म्हणून मी पहिल्यापासून चार इंच वाढवूनच लिहायचो. परवा तू विचारलंस आणि घाबरून सोडून दिलं. मास्तरांना सांगू नकोस. मग तिने मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणाले, काकांना टेप धरता येत नाही, म्हणून मी आपणहून चार इंच जास्त कापायचो; तुम्ही विचारल्यापासून बंद केलंय. काकांना सांगू नका, उगाच मनाला लावून घेतील.

चार आणि चार आठ. सून जिन्यातच थांबली. जुना प्रोग्राम तर बारा खायचा. उरलेले चार इंच कोण घालत होतं?

ती ऑफिसात गेली तेव्हा सासरे तिसऱ्या मजल्याची मापं मशीनमध्ये भरत होते. ती आवाज न करता मागे जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीशी असं कुणी उभं राहिलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "कागदावर नव्वद आहे. तुम्ही चौऱ्याण्णव टाकलंत."

सासऱ्यांनी कीबोर्डवरचा हात मागे घेतला. मशीन घरघरत राहिलं.

"जुनं मशीन आहे," ते म्हणाले. "त्याला जरा वाढवून सांगावं लागतं."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून," सासरे पुटपुटले. "एवढं सगळ्यांसमोर कौतुक करून आणलेलं. चुकतंय म्हणून सांगणार कुणाला?"

सुनेला हसूही आलं आणि संतापही आला. तिघं मिळून एका मशीनची चूक झाकत होते, आणि तिघांनाही वाटत होतं की कारखाना आपल्या एकट्याच्या हुशारीवर चाललाय.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "उठा. खुर्ची द्या."

सासरे उठले. सुनेने नवा कॉम्प्युटर पुन्हा टेबलावर आणला, प्रोग्राममधली आठ इंचांची वजाबाकी काढून टाकली आणि नव्वदच्या जागी नव्वदच लिहिलं. काका माप घेताना आणि मास्तर कापताना ती स्वतः शेजारी उभी राहिली. तिसऱ्या मजल्याचे पडदे असे चपखल बसले की मॅनेजरला खोट काढायला रंगापर्यंत जावं लागलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं की जुनं मशीन आजपासून बंद. फार चुका करत होतं, आपल्या कधी लक्षातच आलं नाही. काका म्हणाले, मला पहिल्यापासून त्याचा संशय होता. मास्तर म्हणाले, अहो, मशीनवर कधी विश्वास ठेवूच नये. तिघांनीही खेदाने माना हलवल्या, आणि भंगारवाला ते मशीन उचलून घेऊन गेला. त्या अख्ख्या ऑफिसात स्वतःच्या मनाने एक इंचही न वाढवणारं तेवढं एकच होतं.