उंदराचा का चंडोलाचा?

अन्याय झाला पंचफुलामावशीवर. गेल्या सोमवारी, भल्या पहाटे, संग्रामपूरकडच्या तिच्या हरभऱ्याच्या धुऱ्यावर. शेजारच्या वावरातल्या दिनकरभाऊंनी ज्वारीच्या भरड्यात उंदरांचं औषध कालवून त्या बांधावर पसरलं. हो, औषध! विषाला औषध म्हणणाऱ्या गावात मी विषाविरुद्धची पत्रकं वाटतो.

मावशी माझ्या घराशेजारी एकटीच राहते. ती कुणाला जात विचारत नाही. नवा माणूस दिसला की तिचा एकच सवाल : "उंदराचा का चंडोलाचा?"

उंदीर म्हणजे गुपचूप खणणारा, साठवणारा. चंडोल म्हणजे त्या पाखरासारखा आभाळात स्वतःला टांगून घेऊन गाणारा. मतं मागायला आलेल्या उमेदवाराला तिनं अंगणातच ऐकवलं, "तू चंडोल. वरतून लय गोड. खाली उतरला का ढेकळात सापडत नाही." पुण्यातला लेक चंडोल, फोनवर नुसता मध. जावई उंदीर, आल्या आल्या डबे उघडून पाहतो. मी पत्रक दिलं तेव्हा म्हणाली, "तू तं पक्का चंडोल हाय बे. नुसता बोंबलतं. बीळ कधी खणलं का?"

"अन् तू कोण वं, मावशी?"

"मले काऊन विचारतं? चाल, भारा उचलू लाग."

सोमवारी दुपारी मी वावरात गेलो, तर ती विळ्यानं खड्डा करत होती. बाजूला एक उंदीर, एक चंडोल. दोघंही ताठ झालेले.

दिनकरभाऊ लांबूनच म्हणाले, "काकू, मी उंदरासाठी टाकलं होतं. चंडोल मधी आला, त्याले मी काय करू?"

"त्याले काय मालूम, ताट कोणासाठी वाढलं ते?"

दोघांना तिनं एकाच खड्ड्यात ठेवलं. भाकर तशीच फडक्यात.

"खा ना वं, मावशी."

"जेवाले बसली का हा चंडोल वर बोलत राहे," ती म्हणाली. "अन् बिळापाशी भाकरीचा कुटका ठेवला का दुसऱ्या दिवशी नसे. एक बोले, एक माझ्यातला वाटा घे. घरी कोण हाय?"

मी जुनी पत्रकं बाजूला ठेवली आणि हे नवं लिहायला घेतलं.

तेव्हा हे वाचणाऱ्या माणसा, तुझ्या धुऱ्यावरचं विष आजच उचल. आणि उद्या दुपारी भाकर बांधून मावशीच्या वावरात ये. चंडोलाचा असशील तर बोल. उंदराचा असशील तर मुकाट जेव. पण ये.