तीन नंबरच्या खोलीची जाहिरात

ऑनलाइन जाहिरातीची दोन दिवसांची कार्यशाळा आणि एक प्रमाणपत्र, एवढ्या भांडवलावर मी दादा-वहिनींचं गेस्ट हाऊस वाचवायला निघालो होतो. आत्मविश्वास म्हणाल तर उतू जात होता.

तळ्याकाठी त्यांच्या चार खोल्या आहेत. त्या वर्षी पर्यटक पलीकडच्या नव्या हॉटेलाकडे वळले आणि दादा गुपचूप नोकरीच्या जाहिराती वाचायला लागला. वहिनी मात्र रोज चारही खोल्यांच्या चादरी बदलायच्या, कुणी झोपलेलं नसलं तरी.

"वहिनी, हल्ली नुसत्या पाटीला कुणी भुलत नाही," मी म्हणालो. "लोकांना गोष्ट सांगावी लागते. त्याला कंटेंट म्हणतात."

"म्हणजे थापा का, भावजी?"

"थापा नव्हे हो. नियोजन!"

नियोजन जय्यत होतं. महिन्याभराचा तक्ता केला. सोमवारी सूर्योदय, मंगळवारी नाश्ता, बुधवारी पाहुण्यांचे अनुभव. पाहुणेच नव्हते, म्हणून बुधवारीही सूर्योदय. 'निळाईच्या कुशीत विसावलेलं तुमचं स्वप्न' असला फर्मास मजकूर लिहिला, सगळे व्हिडिओ गेस्ट हाऊसच्या इंटरनेटवरच्या पानावर ठरल्या वेळी आपोआप लागतील असे लावून ठेवले आणि हात झटकले.

घोटाळा एवढाच झाला, की आवाज नीट येतो का बघायला मी तीन नंबरच्या खोलीत एक व्हिडिओ घेतला होता. वहिनींना म्हटलं होतं, काहीही बोला. तो पुसायचा राहिला आणि सूर्योदयाच्या जागी जाऊन बसला.

सोमवारी सकाळी नऊ वाजता जगाने पाहिलं ते हे. वहिनी उशीला अभ्रा घालतायत आणि सांगतायत, "ही तीन नंबरची खोली. गीझर चालतो, पण त्याच्या मर्जीने. खिडकीतून तळं दिसतं असं आम्ही म्हणतो, पण त्यासाठी खुर्चीवर उभं राहावं लागतं. बसलात तर शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं दिसतं. पलंग करकरतो. चादर मात्र स्वच्छ, मी स्वतः धुते. चहा मागाल तेव्हा मिळेल. झालं का, भावजी? मला भाजी निवडायचीय."

मला कळलं तेव्हा साडेदहा वाजले होते आणि चार हजार लोकांचं बघून झालं होतं. काढून टाकायला गेलो, तर पासवर्ड आठवेना. तीनदा चुकलो आणि खात्यात शिरायची वाट दिवसभरासाठी बंद झाली; व्हिडिओ मात्र चालूच. दादा नेमका मुलाखतीला गेलेला, वहिनी मागे कपडे धूत होत्या. तेवढ्यात गेस्ट हाऊसचा फोन वाजला.

"तो खोलीचा व्हिडिओ पाहिला, त्याबद्दल..."

"चुकून लागलाय," मी वाक्यच तोडलं. "माफ करा. दुरुस्ती चालू आहे, सगळ्या खोल्या बंद आहेत."

ठेवला, की पुन्हा वाजला. या वेळच्या माणसाला 'त्या बाईंशी' बोलायचं होतं. भांडायलाच असणार. वहिनींना मी ताबडतोब बाहेरगावी पाठवलं. पाचव्या फोनला तर मी गेस्ट हाऊस विकूनच टाकलं. असे अकरा जण वाटेला लावले आणि वहिनींची अब्रू वाचवली म्हणून स्वतःवर खूश झालो.

दुपारी दारात गाडी थांबली. हातात बॅग घेऊन एक निवृत्त शिक्षिका उतरल्या.

"फोनवर एक गृहस्थ म्हणाले, बंद आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या व्हिडिओतल्या बाई काही लपवणाऱ्यातल्या वाटल्या नाहीत. म्हटलं, त्यांनाच विचारावं. तीन नंबर मिळेल का?"

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "बंद? कोण म्हणालं?"

मी छताचा पंखा निरखू लागलो.

बाईंना खोलीत पोचवून मी वहिनींना सगळं सांगितलं. विकल्याचंही. आता माझी धडगत नाही असं वाटलं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "नंबर आहेत ना त्या लोकांचे?"

मग त्या फोन घेऊन बसल्या. "हो, मीच ती. बंद काही नाही हो, आमचे दीर जरा घाबरट आहेत." बाई आलेल्याच होत्या, म्हणून असं दहा वेळा. सात जण आले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या ओळखीचे आले. दादाने जाहिराती वाचणं सोडलं.

"तुझ्या त्या कंटेंटने कमाल केली," तो एकदा जेवताना म्हणाला. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर वहिनी म्हणाल्या, "खूप राबले हो भावजी. वाढू का अजून?" त्या वाढण्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

जाताना शिक्षिकाबाईंनी पाहुण्यांच्या वहीत शेरा लिहिला होता, 'पलंग खरंच करकरतो. चादरी उत्तम. बाई सोन्यासारख्या. फोनवरचा माणूस बदलावा.'

त्या पानाचा फोटो मीच टाकला. आजवर मी जाणूनबुजून टाकलेल्यांपैकी तेवढी एकच पोस्ट चालली.