चुंबकाचा टिळा

"सहा! मालक, पुन्हा सहाच!" खेमसिंगनं हातातलं यंत्र अलगद फडक्यावर ठेवलं. "दोन हात रंगाले सहा काहून येऊन राह्यले?"

मारोतराव चष्मा पुसत आले. लोहारा इथल्या त्यांच्या शेडमध्ये दवाखान्यांसाठी पाण्याच्या वीस टाक्या रंगवून तयार होत्या. रंगाची जाडी यंत्रावर बरोबर चार भरायला हवी होती, कमी नाही की जास्त नाही. शनिवारी नागपूरचे साहेब येऊन तपासणार, आणि ते 'पास' म्हणाले की खेमसिंग बायकोला, भुरीबाईला, घेऊन दिवाळीसाठी दुपारच्या उमरखेडच्या मोटारीत बसणार. फुलसावंगीकडच्या तांड्यात त्याची आई, रामीबाई, वाट पाहत होती. लागोपाठ दोन दिवाळ्या तिनं लेकाविना काढल्या होत्या.

यंत्र साधंच होतं. खाली वाटाण्याएवढं चुंबक. ते टाकीवर टेकवून चकती फिरवली की 'टक्' करून सुटायचं, आणि सुटताना जो आकडा दिसे ती रंगाची जाडी. दसऱ्यापर्यंत याच रंगाला ते चार म्हणत होतं.

"रंग दाट केला तू. टरपेंटाइन घाल," मारोतराव म्हणाले.

"मालक, यंत्रच खोटं बोलत असन तर?"

"जीभ आवर! दसऱ्याले मी सोता पूजा केली त्याची."

पुजलेल्या यंत्रावर संशय कोण घेणार? खेमसिंगनं वीसच्या वीस टाक्या खरवडल्या आणि रंग पातळ करून एकच हात दिला. चार आले. त्यानं हात जोडले.

मारोतराव मात्र टाकीकडे बघतच राहिले. "अबे, पत्रा दिसून राह्यला आतून! टाकी हाय का मच्छरदाणी?"

गुरुवारी दुपारी भुरीबाई भाकरी घेऊन आली. तिचा स्वतःचा उपास होता, त्यामुळे ती निवांत बसून नवऱ्याची टकटक पाहत होती.

"कोऱ्या पत्र्याले लावून पाहा ना," ती हळूच म्हणाली.

"कोऱ्यावर काय मोजतं? तिथं रंगच नाही."

"मंग काहीच नाही आलं पाह्यजे. पाहा तरी."

टक्. दोन.

भुरीबाईनं यंत्र उलटं केलं. चुंबकाच्या ऐन टोकावर तेलात कालवलेला शेंदूर खडखडीत वाळून बसला होता.

"हे कोणं लावलं बाप्पा?"

"मी," मारोतराव म्हणाले. "पूजेचा टिळा हाय. पुसायचा नसते तो."

"टिळा कपाळाले लावतेत, मालक. हा तर त्याचा डोळा हाय. डोळ्यात शेंदूर भरल्यावर देवाले तरी दिसन काय?"

मारोतरावांनी आधी यंत्राला नमस्कार केला, मग धोतराच्या सोग्यानं चुंबक स्वच्छ पुसलं. कोऱ्या पत्र्यावर शून्य आलं. टाक्यांवर दोन. म्हणजे वीसही टाक्यांना आणखी एक हात!

"मालक, माही मोटार गेली समजा."

"कायची जाते? ब्रश दे इकडं एक."

शुक्रवारी दिवे लागायच्या आत दोघांनी मिळून शेवटची टाकी रंगवली. मालकांच्या मिशीलाही हिरवा हात बसला.

शनिवारी साहेब आले. मखमली डबीतून त्यांनी स्वतःचं यंत्र काढलं आणि पहिल्या टाकीवर टेकवलं. टक्.

"सहा. नापास."

दुसरी, सहा. तिसरी, सहा. खेमसिंगनं दाराजवळच्या गाठोड्याकडे पाहिलं. भुरीबाई पदर सावरून पुढे झाली.

"साहेब, तुमच्या हापिसात दसऱ्याची पूजा व्हते काय?"

"होते म्हणजे? आमचे हेडक्लार्क तर दरवर्षी प्रत्येक वस्तूला..." साहेब थांबले. त्यांनी यंत्र उलटं केलं, खिशातून रुमाल काढला आणि पाठ फिरवून बराच वेळ काहीतरी पुसलं.

टक्. चार.

"काय झालं होतं हो याला?" साहेबांनी भिंतीकडे पाहत विचारलं.

"काही नाही, साहेब," मारोतराव गंभीरपणे म्हणाले, "दर्शन बंद व्हतं."

मोटार मिळाली, दिवाळी तांड्यात झाली. पुढच्या दसऱ्याला मारोतरावांनी शेंदराची वाटी घेतली, यंत्र डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि बोट झाकणावर टेकवण्याआधी हाक मारली, "भुरीबाई, इथं चालन का?"