तात्यांची काळी वायर

तात्या भेटले की नमस्कार करत नाहीत. माझ्या शर्टाचं बटण ओढून बघतात. "मास्तर, टाका ढिला हाय," म्हणतात, आणि बटण त्यांच्या हातात येतं. आजवर अशी तीन गेली.

फौजेत गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस. नंतर तासगावात ट्रॅक्टरचं गॅरेज, आता तेही बंद. आमच्या सांगलीच्या कॉलेजातल्या पोरी स्पर्धेसाठी रोबो बनवतात हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, तेव्हापासून स्वारी रोज एसटीनं हजर. मी गणिताचा मास्तर, दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून या पोरींचा प्रमुख. तात्या प्रत्येक जोड दोनदा ओढून बघायचे आणि ऐकवायचे, "चूक? ती तासगावच्या स्टँडला उतरतच न्हाई!"

एकदा वैष्णवी, पोरींची कॅप्टन, म्हणाली, "तात्या, प्रत्येक मोटरला लाल वायर गेली. बॅटरीकडं परत येणारी काळी कुठाय?"

"खुळी का काय! ट्रॅक्टरला असत्यात व्हय दोन-दोन? बॅटरीची एक बाजू बॉडीला आवळायची, करंट लोखंडातनं आपसूक माघारी येतोय. निम्म्या वायरी वाचल्या!"

मीही मान डोलावली. एवढ्या मोठ्या आवाजापुढं माझं गणित काय टिकणार?

मिरजेला स्पर्धेत तपासनीसानं मीटरचं एक टोक बॅटरीला लावलं, दुसरं सांगाड्याला. मीटर केकाटला. "सांगाड्यातून करंट नेलेला चालत नाही. तासाभरात बदला, नाहीतर बाद," तो म्हणाला. वर हसून, "वायरिंग पोरींनी केलं वाटतं?"

वैष्णवीचा चेहरा उतरला. तात्या खाडकन सावधानमध्ये उभे राहिले.

"न्हाई सायेब. मी केलंय. पोरगी बरोबर सांगत हुती, मीच ऐकलं न्हाई."

तात्या चूक कबूल करतात, हे मला आधी खरंच वाटेना. मग ते पक्कड घेऊन बसले. वायरीचं टोक काही केल्या थिंबलात, म्हणजे टोकाला दाबायच्या छोट्या धातूच्या टोपणात, जाईना. एकदा, दोनदा, पाचदा.

"सा म्हैनं झालं, बारीक तार दिसत न्हाई," ते माझ्याकडं न बघता पुटपुटले. "म्हनून वायरी कमी केल्या. सांगितलं असतं तर तुमी येऊ दिलं नसतं. आमची ही गेल्यापास्नं घरात बोलायला कोन हाय, मास्तर?"

मला माझीच लाज वाटली. रोज हसत होतो या माणसाला.

वैष्णवीनं त्यांच्या हातातली पक्कड काढून घेतली. बॅटरीचं सांगाड्याला आवळलेलं टोक सोडवलं, एकेक काळी वायर बसवली आणि त्यांच्यापुढं धरली, "आवं तात्या, ओढून बघा की." आठ वायरी, तात्यांनी प्रत्येक दोनदा ओढली. या वेळी मीटर गप्प राहिला.

रोबो पहिल्याच फेरीत हरला, ते जाऊ दे. परतीच्या एसटीत तात्यांनी माझं बटण चिमटीत धरलं. ओढलं नाही, नुसतं धरून बसले.

"मास्तर, उद्या येऊ न्हवं?"

"या की तात्या," मी म्हणालो, "अजून चार बटणं शिल्लक आहेत."