अण्णा कॉर्डोबाला पायी निघाले

सकाळी सहाला आमच्या बेंगळूरच्या बेळ्ळंदूरमधल्या सोसायटीत वॉचमन अण्णांना सलाम ठोकून विचारायचा, "अण्णा, आज कुठे?" अण्णा गंभीरपणे "ट्युनिस" म्हणायचे, नाहीतर "ट्युनिस सोडून स्वल्प पुढं," आणि बी ब्लॉकला वळसा घालून दिसेनासे व्हायचे. नवीन भाडेकरू घाबरत. मीही घाबरले होते.

वसंतअण्णा हुक्केरीकर मूळचे निपाणीचे. बेंगळूरच्या पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात लेथवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. पस्तिशीतल्या मला अक्का म्हणणारे ते जगातले पहिले गृहस्थ. कारखान्यात कुणीतरी टाकून दिलेलं एक इंग्रजी पुस्तक चहाच्या सुट्टीत त्यांच्या हाती लागलं आणि त्यातला एक राजा त्यांच्या डोक्यात जो शिरला तो बाहेर आलाच नाही. पहिला अब्दुर रहमान! साडेबाराशे वर्षांपूर्वी दमास्कसच्या राजघराण्याची कत्तल झाली, त्यातून हा विशीतला पोरगा निसटला, पाच वर्षं आफ्रिकेतून लपतछपत स्पेनला पोचला आणि कॉर्डोबा जिंकून तिथे बत्तीस वर्षं अमीर म्हणून राज्य केलं.

"बरोबर एक नोकर, बस्स! बघा की ओ अक्का!" असं म्हणून अण्णा अशा ऐटीत बघायचे, जणू त्या पोराला नोकरीला त्यांनीच लावलं होतं.

सोसायटीच्या प्रत्येक भांडणात त्यांना अमीर आठवायचा. टँकर आला नाही की "अमीरानं आधी कालवा खणला असता." कुत्र्यांवरून वाद पेटला की "अमीर असता तर एवढी मीटिंगच झाली नसती." यावर मात्र सगळ्यांचं एकमत होई.

निवृत्त झाल्यावर त्यांनी अमीराची वाट पायी चालायला घेतली, अर्थात सोसायटीतच. रोज चार किलोमीटर फेऱ्या मारायच्या आणि घरी जाऊन भिंतीवरच्या नकाशात टाचणी तेवढी पुढे सरकवायची. मोरोक्को संपून समुद्र लागला तेव्हा महिनाभर ते स्विमिंग पूलच्या कडेकडेने चालले. "पाण्यावरनं जायचं तर पाणी दिसायला पायजे. फसवाफसवी न्हाई." सेक्रेटरींना वाटलं अण्णा खरंच स्पेनला निघालेत. त्यांनी ऑलिव्ह ऑइलच्या दोन बाटल्या आणायला सांगितल्या.

चार वर्षं असं चाललं आणि गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि चालणं बंद करायला सांगितलं. कॉर्डोबा बावीस किलोमीटरवर होतं.

"ऑपरेशननंतर चालायला येतंय, न येतंय. आधी पोचायचं," अण्णा म्हणाले. कुणाचं ऐकतील तर ते अण्णा कसले! मग मीच प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन त्यांच्या मागे चालू लागले. पाच फेऱ्या झाल्या की बसायचे, उठले की पुन्हा पाच.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी शेवटची फेरी उरली. गेटपाशी सेक्रेटरी हार घेऊन उभे होते, कुणीतरी म्हैसूरपाकाचा बॉक्स आणला होता. अण्णा बी ब्लॉकच्या मागे आले आणि बसले ते बसलेच.

"मला न्हाई जायचं कॉर्डोबाच्या आत."

"गुडघा दुखतोय?"

"गुडघ्याचं काय न्हाई ओ."

मग त्यांनी चार वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. अमीर पळाला तेव्हा वाटेत फरात नदी होती. त्याने उडी टाकली, मागोमाग तेरा वर्षांच्या धाकट्या भावानेही टाकली. काठावरून शिपाई ओरडले, परत या, काही करणार नाही. धाकटा दमला होता, मध्यातूनच फिरला. फिरू नकोस म्हणून अमीर ओरडत राहिला. पलीकडच्या काठावर पोचून त्याने भावाला मारलेलं पाहिलं.

"ओरडला तरी त्यो," अण्णा म्हणाले.

मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"मी आणि माझा धाकटा भाऊ सुधाकर घरात न सांगता बेंगळूरला निघालोतो. हुबळीला काका डब्यात चढले. त्याला म्हटले, चल घरी, कोण काय बोलणार न्हाई. सुधाकर माझ्या तोंडाकडं बघत होता. सतरा वर्षाचा. मी नुसतं 'बस' म्हटलो असतो तर बसला असता. तंबाखूच्या वखारीत जन्म गेला त्याचा. छाती गेली, मग त्योबी गेला."

"अण्णा, तुम्हीही लहानच होता की."

"पीण्यात खोली ठरलीती, अक्का. एकट्यापुरती. काका आले तेव्हा मला बरं वाटलं."

मला फार वाईट वाटलं. मी तिथेच खाली फरशीवर बसले. गेटवरून "अण्णा, बन्नी, या की!" अशा हाका येत होत्या. शेवटी वाट बघून सेक्रेटरीच हार घेऊन आमच्याकडे यायला लागले.

"त्यांना काय सांगू, अण्णा?"

अण्णांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"सांगा, आम्ही दोघं निघालो होतो."